पहिली हाय-फाय स्पीकरजोडी घेताना

कुणी पहिल्यांदा चांगले स्पीकर घ्यायला निघालं की भेटेल तो आधी ब्रँड सुचवतो. मी मात्र तीन गोष्टी विचारतो. स्पीकर ठेवणार त्या खोलीचं माप काय, बसणार कुठे आणि ऐकणार काय? याची उत्तरं कागदावर लिहून काढा. दुकानातले बरेचसे पर्याय तिथेच गळतात आणि उरलेल्यांत निवड करणं सोपं होतं.

स्पीकर, त्याला ताकद देणारा ॲम्प्लिफायर (ॲम्प), स्टँड आणि वायर मिळून ४० ते ७० हजार रुपये खर्च करायची तयारी आहे आणि गाणं मन लावून ऐकायचं आहे, अशांसाठी हे लिहितोय. गाणं मोबाइलवरून किंवा लॅपटॉपवरून लावणार असं धरलं आहे, त्यामुळे त्याचा वेगळा खर्च नाही. याच पैशांत होम थिएटरचा संचही मिळतो, पण मग तेच पैसे पाच स्पीकर आणि एक सबवूफर (फक्त खर्जाचा स्पीकर) यांच्यात वाटले जातात आणि एकाच्याही वाट्याला धड काही येत नाही. संगीतासाठी दोनच घ्या आणि चांगले घ्या.

आणखी एक आधीच सांगतो. ख्याल, अभंग, नाट्यगीत, भावगीत, जुनी हिंदी गाणी हे सगळं गळ्याचं संगीत आहे. स्पीकरमधून माणसाचा आवाज माणसासारखा आला पाहिजे. बाकीचं सगळं त्यानंतर.

खोली मोजा, मग पुढचं

मोजपट्टी घ्या आणि लांबी, रुंदी, उंची लिहा. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये हॉल साधारण १० बाय १२ किंवा १० बाय १५ फुटांचा असतो. भिंती विटांच्या किंवा काँक्रीटच्या, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला काचेची सरकती खिडकी. आवाज शोषून घेईल असं त्यात जवळजवळ काहीच नाही. खोलीच्या मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीमागे बारीक टणटण ऐकू आली तर स्पीकर कितीही भारी आणा, तानेतले स्वर एकमेकांत मिसळणार आणि शब्द पुसट होणार.

यावरचा उपाय स्वस्त आहे. बसायची जागा आणि स्पीकर यांच्यामध्ये जमिनीवर जाड सतरंजी किंवा गालिचा, खिडकीला जमिनीपर्यंत येणारा जाड कापडी पडदा, पाठीमागच्या भिंतीला पुस्तकांनी भरलेलं उघडं कपाट. हॉलमध्ये गादी-लोडाची बैठक असेल तर निम्मं काम झालेलंच आहे. हे आधी करा, मग स्पीकरचं बघा. दोन-तीन हजारांच्या पडद्याने आवाज जेवढा सुधारतो तेवढा दहा हजारांनी महाग स्पीकर घेऊन बहुधा सुधारत नाही.

खर्जातल्या आवाजाला मात्र पडदे पुरत नाहीत. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठरावीक कंपनसंख्या जोर धरतात आणि तिथे खोली घुमते. त्यातली सगळ्यात खालची काढायची तर ५६५ ला भिंतींमधल्या अंतराने, म्हणजे फुटांनी, भागा. १२ फुटांना साधारण ४७ हर्ट्झ, १० फुटांना साधारण ५६. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहा-दहा फुटांच्या आसपास असतील तर तिन्हीचा घुमारा एकाच जागी साचतो. चौकोनी बेडरूममध्ये बास ढोलासारखा धपधपतो तो यामुळे. अशा खोलीत मोठा वूफर, म्हणजे स्पीकरमधला खालचे स्वर वाजवणारा भाग, नेला की त्रास वाढतोच.

म्हणून १२० ते १५० चौरस फुटांच्या खोलीसाठी मी बिनदिक्कत सांगतो, ५ ते साडेसहा इंची वूफरचे बुकशेल्फ, म्हणजे छोट्या पेटीचे, स्पीकर घ्या. उंच टॉवर दिसायला रुबाबदार असतात, पण त्याच किमतीच्या टॉवरमध्ये बराचसा पैसा लाकडात आणि जादा वूफरमध्ये गेलेला असतो. २०० चौरस फुटांच्या वरचा हॉल असेल तर त्यांचा विचार करा.

स्पीकर भिंतीपासून किती पुढे आणता येतील हेही घरच्यांशी बोलून आत्ताच ठरवा. केर-फरशी करणाऱ्या मावशी, रांगणारं मूल, उघडणारं दार हे सगळं धरून. किमान फूट-दीड फूट जागा मिळत असेल तर मागे पोर्ट, म्हणजे हवेचं भोक, असलेला स्पीकर चालेल. शोकेसच्या खणात किंवा टीव्ही युनिटवर भिंतीला टेकूनच ठेवावा लागणार असेल तर पुढे पोर्ट असलेला किंवा पोर्टच नसलेला, बंद पेटीचा स्पीकर बघा. मागच्या पोर्टचा आधीच घेऊन बसला असाल तर त्यात फोमचा बोळा घालून पाहा. बास कमी होतो, पण स्वच्छ होतो.

आपलं संगीत किती खाली उतरतं

स्पीकर घेताना "बास किती?" ही धास्ती फार असते. जरा हिशेब करू. गवयाचा षड्ज काळी एकचा धरला तर तो साधारण १३९ हर्ट्झवर येतो आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा षड्ज २०८ वर, खर्जाची तार १०४ वर. म्हणजे जो स्पीकर ५५-६० हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरतो तो अख्खी मैफल सांभाळतो. चांगला छोटा बुकशेल्फ तिथवर सहज जातो.

चार तारांच्या बास गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची असते आणि आजकालच्या गाण्यांतला इलेक्ट्रॉनिक बास त्याच्याही खाली जातो. तुमचं ऐकणं मुख्यतः तसं असेल तर पुढेमागे सबवूफर लागेल. त्यासाठी सबवूफरचं आउटपुट असलेला ॲम्प आत्ताच घेऊन ठेवा. सबवूफर वर्षभराने घेतला तरी चालतो. तोवर खोलीची ओळखही झालेली असते.

ॲम्प वेगळा की पोटातच

पॅसिव्ह स्पीकरला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. ॲक्टिव्ह किंवा पॉवर्ड स्पीकरमध्ये तो पेटीतच असतो. प्लग लावला, मोबाइल जोडला की गाणं सुरू. टेबलावर, तीन-चार फुटांवरून ऐकणार असाल, भाड्याच्या खोलीत राहत असाल, वायरींचा पसारा नको असेल तर ॲक्टिव्ह घ्या. कोलकात्याच्या सोनोडाइनसारखी भारतीय कंपनी स्टुडिओसाठीचे ॲक्टिव्ह मॉनिटर बनवते, त्यांचाही विचार करावा. काही ॲक्टिव्ह स्पीकरमधून शांत वेळी बारीक सळसळ येते, म्हणून गाणं बंद ठेवूनही एकदा कान जवळ नेऊन बघा.

हॉलसाठी मात्र माझा कौल पॅसिव्हला. त्यात बिघडण्यासारखं फार थोडं असतं. ॲम्प गेला तर तो बदलता येतो, स्पीकर तेच राहतात आणि नीट सांभाळले तर वीस वर्षं साथ देतात.

अमेरिकेतल्या मुलाकडून किंवा भावाकडून मागवणार असाल तर एक लक्षात ठेवा. पॅसिव्ह स्पीकरचा घरातल्या विजेशी थेट संबंध येत नाही, त्यामुळे ते कुठूनही आणा. ॲक्टिव्ह स्पीकर किंवा ॲम्प असेल तर मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट लिहिलंय का ते फोटो मागवून बघा. फक्त १२० व्होल्टचा असेल तर आणू नका. वॉरंटीही बहुतेक वेळा विकत घेतलेल्या देशापुरतीच असते.

पैशांची वाटणी ढोबळमानाने अशी ठेवावी : निम्म्याहून थोडे जास्त स्पीकरला, तिसरा हिस्सा ॲम्पला, उरलेले स्टँड, वायर आणि पडद्यांना. ६० हजार असतील तर ३३-३५ हजारांची जोडी आणि २० हजारांचा ॲम्प.

खोक्यावरचे आकडे

पीएमपीओ हा वॅटचा आकडा दिसला की पुढचं वाचूच नका. तो कुठल्याही मान्य पद्धतीने मोजलेला नसतो. आरएमएस किंवा कंटिन्युअस, म्हणजे सलग मिळणारे, वॅट बघा, आणि ते किती ओहमला (स्पीकर विजेला करतो तो अडथळा), किती टक्के डिस्टॉर्शनला (आवाजाची मोडतोड) दिलेत तेही. क्लास डी प्रकारच्या छोट्या ॲम्पच्या जाहिरातीतला मोठा आकडा अनेकदा ४ ओहम आणि १० टक्के डिस्टॉर्शनचा असतो. ८ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात त्याच्या निम्म्याहून कमीच मिळतात.

तेवढेही पुरतात का? हिशेब करून बघा. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८५ डेसिबल असेल तर एका वॅटला एक मीटरवर ८५ डेसिबल आवाज मिळतो. तुम्ही अडीच मीटरवर बसलात की साधारण ८ कमी होतात, दोन स्पीकर मिळून ३ वाढतात, म्हणजे ८०. घरात आपण मन लावून ऐकतो ते सरासरी ७०-७५ डेसिबलला. म्हणजे एक वॅटही लागत नाही. तबल्याची थाप किंवा ताशाचा कडकडाट क्षणभर त्याच्या २० डेसिबल वर जातो, त्यासाठी ३०-३५ वॅट हवेत. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणून ५० ऐवजी १०० वॅटच्या ॲम्पसाठी जीव काढण्यात अर्थ नाही. ८ ओहमला खरे ४०-५० वॅट देणारा ॲम्प अशा खोलीला भरपूर झाला. स्पीकर ४ ओहमचा असेल तर ॲम्पच्या मागे ४ ओहम चालेल असं छापलेलं आहे ना, तेवढं पाहा.

"५० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ" यापुढे ±३ डेसिबल, म्हणजे आवाज तेवढाच वरखाली होतो असं, लिहिलेलं नसेल तर तो आकडा पोकळच समजा. कुणी आवाज ६ डेसिबलने पडतो तिथवर मोजतं, कुणी १० ने पडतो तिथवर. दोन कंपन्यांचे असे आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही.

त्याहून कामाचं म्हणजे स्वतंत्रपणे घेतलेलं मोजमाप. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि पुढे हार्मन कंपनीत, स्पीकर पडद्याआड ठेवून लोकांना ऐकवण्याचे प्रयोग वर्षानुवर्षं केले. समोरून आवाज सपाट, म्हणजे कुठलाही स्वर न फुगवता-दाबता, येतो आणि बाजूंनाही त्याच वळणाने, खाचखळगे न होता पसरतो, असा स्पीकर बहुतेकांना आवडतो असं त्यातून दिसलं. हेच दाखवणाऱ्या मोजमापाला स्पिनोरामा म्हणतात. स्पीकर आडवा-उभा १०-१० अंशांनी फिरवून मोजतात आणि त्याचा आलेख काढतात. तुमच्या यादीतल्या मॉडेलचा असा आलेख मिळाला तर दोनच गोष्टी बघा. वरची रेघ फार चढउतार न करता जाते का, आणि खालच्या रेघा तिच्या सोबतीने हळूहळू उतरतात का. २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास वूफर आपलं काम ट्विटरच्या (वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) हाती देतो. तिथे खड्डा किंवा उंचवटा दिसला तर सावध व्हा. आपला कान त्याच पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो आणि शब्दांची स्पष्टताही तिथेच असते.

दुकानात ऐकताना

मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातली तपकीर गल्ली वायर, प्लग, जोडण्या यांसाठी उत्तम. स्पीकर ऐकायला मात्र स्वतंत्र खोली असलेल्या हाय-फायच्या दुकानात जा, आणि आधी फोन करून, मधल्या वारी सकाळी जा, म्हणजे विक्रेत्याकडेही वेळ असतो. या बजेटच्या आगेमागे व्हार्फडेल, केईएफ, क्यू अकॉस्टिक्स, डाली, एलॅक, पोल्क यांचे बुकशेल्फ बघायला मिळतील. तीनच नावं नक्की करून जा. सात-आठ जोड्या एका दमात ऐकल्या तर काहीच लक्षात राहत नाही.

गाणी आपली न्या, अगदी पाठ असलेली. माझी यादी अशी असते. तानपुऱ्याच्या साथीत संथ आलाप करणारी गायिका. पखवाज किंवा तबला स्पष्ट ऐकू येणारा अभंग. गर्दीचं वाद्यवृंद असलेलं एखादं सिनेगीत. आणि एक जुनं मोनो ध्वनिमुद्रण, ते का ते पुढे सांगतो.

विक्रेत्याला बास, ट्रेबल, लाउडनेस सगळं शून्यावर ठेवायला सांगा. प्रत्येक जोडी एकाच ॲम्पवर आणि एकाच आवाजात ऐकायची. हा नियम मोडला तर सगळी तुलना फुकट. दोन स्पीकरमध्ये जो किंचित मोठा वाजतो तो कानाला अधिक चांगला वाटतो, फरक फक्त आवाजाच्या पातळीचा आहे हे कळतही नाही. मोबाइलवर आवाजाची पातळी दाखवणारं ॲप उघडा, बसायच्या जागी धरा आणि दोन्ही जोड्या सारख्या आकड्यावर आणा. जमलं तर सोबतच्या माणसाला स्पीकर बदलायला सांगा आणि तुम्ही डोळे मिटून ऐका. टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हेच दाखवलं. तेच श्रोते, तेच स्पीकर, पण डोळ्यांसमोर दिसत असताना दिलेली पसंती आणि न दिसता दिलेली पसंती यांत फरक पडला. मोठ्या, देखण्या पेटीला दिसण्याचेही गुण मिळतात.

मग कान लावायचा तो असा. आलाप लावल्यावर गायिका "स" म्हणते तेव्हा फुत्कार येतो का? तार सप्तकात आवाज चिरकतो का? तानपुरा नुसता झंकार म्हणून येतो, की चार तारा वेगवेगळ्या उलगडतात? तबल्यात चाटीवरची टिचकी आणि डग्ग्याची मींड दोन्ही शोधा. डग्ग्यावर मनगट सरकतं तेव्हा सूर वर चढताना ऐकू आला पाहिजे. नुसतंच "धुम्म" येत असेल तर तो बास सुरातला नाही. पेटी गळ्याला झाकत असेल, म्हणजे हार्मोनियम पुढे आणि गायक मागे वाटत असेल, तर मधल्या पट्टीत काहीतरी वर आलेलं आहे.

आता मोनो गाणं लावा. दोन्ही स्पीकरमधून हुबेहूब एकच आवाज येत असल्यामुळे गायक बरोबर मध्यभागी, रिकाम्या जागेत उभा असल्यासारखा भासायला हवा. तो पसरट वाटला, सरकला किंवा नेमका कुठे आहे ते कळेना, तर एक तर जोडी नीट जुळलेली नाही किंवा वायरची लाल-काळी टोकं एका बाजूला उलटी लागली आहेत. शेवटी खुर्चीवरून उठून बाजूला जाऊन ऐका. आवाजाचा पोत फार बदलायला नको, कारण घरी सगळेच काही मधोमध बसत नाहीत.

प्रत्येक जोडीला वीस मिनिटं तरी द्या. पहिल्या दोन मिनिटांत चकचकीत वाटलेला ट्रेबल अर्ध्या तासाने कान शिणवतो. जी जोडी ऐकताना तुम्ही स्पीकर विसरून गाण्यात गेलात ती बाजूला काढा. घरी नेऊन ऐकायची किंवा परत करायची सोय आहे का तेही विचारा.

वायर आणि स्टँड

वायरवर पैसे उधळू नका. पाच मीटरपर्यंत तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची दोन धाग्यांची वायर पुरते, त्याहून लांब असेल तर २.५ ची. हजारो रुपयांची वायर या पातळीवर काही देत नाही.

स्टँडला मात्र कंजुषी नको, कारण त्यानेच ट्विटर कानाच्या उंचीला येतो. सोफ्यावर बसल्यावर कान जमिनीपासून साधारण सव्वातीन फुटांवर असतो, गादीवर मांडी घालून बसल्यावर साधारण अडीच फुटांवर. आपापल्या बैठकीप्रमाणे मोजा. तयार स्टँड महाग वाटले तर वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी लोखंडी पाइपचे करून घ्या. वर पेटीच्या मापाची पट्टी, खाली रुंद बैठक, पाइपमध्ये सुकी, चाळलेली वाळू ठासून. बैठकीखाली कडप्प्याचा तुकडा घातला की स्टँड हलत नाही. स्पीकर आणि वरची पट्टी यांच्यात चार कोपऱ्यांना ब्लू-टॅक या चिकट पुट्टीचे वाटाण्याएवढे गोळे लावा, धक्का लागला तरी पेटी घसरत नाही.

पावसाळा आणि जुने स्पीकर

मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यातल्या लोकांनी वूफरच्या हलणाऱ्या कोनाभोवतीची कड नक्की तपासावी. फोमची कड दमट हवेत काही वर्षांनी चिकट होऊन तुटते. रबराची कड कितीतरी जास्त टिकते. पेटी बहुतेक एमडीएफची (दाबून केलेली लाकडी फळी) असते आणि ओल लागली की फुगते, त्यामुळे पावसात ओल धरणाऱ्या भिंतीजवळ किंवा खिडकीच्या झडीत ती ठेवू नका.

वापरलेली जोडी घेणं हा चांगला मार्ग आहे, कारण त्याच पैशात वरच्या पायरीचा स्पीकर मिळतो. बघायला जाताना जाळी काढायला लावा. ट्विटरच्या घुमटाला खळगा नको. वूफरचा कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सगळीकडून सारखा, अगदी हलका आत दाबा. खरखर आली तर आतली कॉइल घासतेय. मल्टिमीटर असेल तर न्या. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ च्या आसपास दाखवतो, ४ ओहमचा ३ ते साडेतीन. डाव्या-उजव्यात मोठा फरक आला किंवा मीटर हललाच नाही, तर ती जोडी सोडा.

घरी आणल्यावर

दोन स्पीकरमधलं अंतर आणि प्रत्येक स्पीकरपासून तुमच्यापर्यंतचं अंतर सारखं ठेवून सुरुवात करा, म्हणजे तुम्ही आणि दोन स्पीकर मिळून समभुज त्रिकोण होतो. लहान हॉलमध्ये सहा-सात फूट ठीक. तोंडं किंचित आत वळवा. मग तेच मोनो गाणं लावून गायक मधोमध आहे का बघा. नसेल तर आधी लाल-काळी टोकं तपासा, मग तोंडांचा कोन. बास घुमत असेल तर स्पीकर चार-चार बोटं पुढे आणत ऐका आणि तुमची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली असेल तर तीही फूटभर पुढे घ्या. घुमारा भिंतीशीच सगळ्यात जास्त असतो. जागा पक्की झाली की स्टँडच्या पायांशी जमिनीवर छोटी चिकटपट्टी लावून ठेवा, झाडलोटीत हलले तरी परत जागेवर बसवता येतात.

जीएसटीचं बिल मॉडेल आणि सिरियल नंबरसकट घ्या आणि वॉरंटी भारतातल्या अधिकृत वितरकाची आहे की दुकानदाराची हे त्याच्याकडून लिहून घ्या. खोकी आणि थर्माकोल माळ्यावर ठेवा. दुरुस्तीला पाठवताना किंवा पुढे विकताना ते लागतात. परत करायची मुदत असेल तर तेवढ्या दिवसांत रोज ऐका, रात्री अगदी हळू आवाजातसुद्धा. हळू लावल्यावरही शब्द स्पष्ट कळत असतील तर बिल फाइलला लावून टाका.